शिफारस करणाऱ्याच्या घरी

ती शिक्षिका नांदेडच्या आमच्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढून आली, तो दिवस मी अजून विसरलेली नाही. सेवेची शेवटची काही वर्षे उरली होती आणि ठाण्याची प्रभारी मी होते.

तुमच्यापैकी थोरल्याने परवा फोनवर विचारले, "आजी, केस विरळ होतायत, ट्रान्सप्लांट करायचं मनात आहे. मित्रांनी वेगवेगळे दवाखाने सुचवलेत, कोणता निवडू?" केसांतले मला काही कळत नाही. पण नेमका हाच प्रश्न एकदा माझ्या टेबलापर्यंत आला होता. तो कसा सुटला ते लिहून पाठवते, सगळ्यांनीच वाचा. नावे कोणाचीही देणार नाही. त्यातली बहुतेक माणसे आजही त्याच गावांत राहतात.

सोमवार होता. सोमवारी ठाण्यात गर्दी असते. शनिवार-रविवारची भांडणे त्या दिवशी तक्रार होऊन येतात. सकाळची हजेरी संपली होती आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आमचे जुने हवालदार बसले होते. त्यांच्या डोक्यावर नावालाही केस नव्हता, हे पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवते. समोरच्या बाई पन्नाशीच्या होत्या. कंधार तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या शिकवत.

"तक्रार द्यायची आहे का?" हवालदारांनी विचारले.

"न्हाई. विचारायचं हाय."

"बाई, विचारायला लोक शाळेत जातात. इथं सांगायला येतात."

"शाळेत मीच हाय हो. तिथं कुणाला विचारू?"

मी त्यांना आत बोलावले.

त्यांच्या भावाचा मुलगा कृषी सहायक म्हणून नुकताच नोकरीला लागला होता. भाऊ-भावजय लवकर गेले, पोराला यांनीच वाढवले. लग्न ठरले होते. आणि लग्नाच्या फोटोत कपाळ डोक्याच्या मध्यापर्यंत दिसेल, ही त्या मुलाला लागलेली चिंता होती. त्याने नांदेडमधल्या एका दवाखान्यात केस लावून घ्यायचे ठरवले, तारीखही घेतली. ती तारीख त्याच आठवड्यातली होती.

"मग अडचण काय?" मी विचारले.

"मॅडम, हा लहान होता तेव्हा कंधारला दाढ काढायला नेला होता. बधिर करायचं इंजेक्शन दिलं अन् अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेता येईना. सरकारी दवाखान्यात धावत नेला म्हणून राहिला. आता डोकं बधिर केल्याशिवाय केस लावत न्हाईत म्हणे. मी विचारलं, त्यांना हे सांगितलंस का? तर म्हणतो, त्यांनी विचारलंच न्हाई. म्हणलं, तू आपणहून सांग. तर म्हणतो, आत्या, तू सगळ्यात काड्या घालती."

सगळे प्रकरण एवढ्यावर उभे होते. तो मुलगा ऑपरेशनच्या टेबलावर झोपला, तर उठेल की नाही, याची खात्री कोणालाच नव्हती.

बाई घाबरून थेट पोलिसांकडे आल्या नव्हत्या. आधी त्यांनी स्वतः शोध घेतला होता, आणि तो ऐकताना मी पेन खाली ठेवले. आपल्याकडे मुलीसाठी स्थळ बघतात तेव्हा एक रीत असते. मध्यस्थाने सांगितलेल्या माणसांना विचारून कोणी समाधान मानत नाही. गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानात विचारतात, जुन्या घरमालकाला विचारतात, पाहुणी म्हणून जाऊन घरातल्या बायकांशी बोलतात. बाईंनी दवाखाना तसाच बघितला.

भाच्याकडे दोन शिफारशी होत्या. एक लातूरच्या डॉक्टरांची. ती शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या भावाकडून आली होती. बाई लातूरला जाऊन त्या माणसाला भेटून आल्या.

"तो म्हणला, ताई, झालं ते बरं झालं, पण फोटोत दाखवतात तसं काय न्हाई. लावलेले केस पहिल्या महिन्यात गळून गेले, तवा मी रडलो. मग हळूहळू आले. मागच्या बाजूला अजून खाज येती. डॉक्टर कमी बोलतात, पण आधी रक्त तपासलं, कशाची ॲलर्जी हाय का म्हणून दोनदा विचारलं."

"आणि दुसरी?"

"दुसरी हा नांदेडचा दवाखाना. त्यांनी खुश झालेल्या पेशंटचे नंबर दिले. मी सगळ्यांना फोन केला. सगळे म्हणले, डॉक्टर देवमाणूस हाय, काही तकलीफ झाली न्हाई, बिलकुल दुखलं न्हाई. मॅडम, मी चौथीच्या पोरांचे निबंध तपासते. एकाचं बघून सगळ्यांनी लिहिलं की मला लगेच कळतं."

मग त्यातल्या एकाच्या घरी त्या गेल्या. तो देगलूरचा तरुण. देगलूरला त्यांची एक जुनी मैत्रीण शिकवते, तिच्याकडून घर शोधले. कोणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नाही म्हणून पेढ्यांचा पुडा घेतला. तरुण घरी नव्हता, आई होती. नीटनेटकी साडी, हातात पेढे आणि "मुलगा घरी हाय का?" असा प्रश्न. आईने जो समज करून घ्यायचा तो करून घेतला. बसायला चादर घातली, पाणी दिले, चहा टाकला. आडनाव विचारले आणि म्हणाली, "म्हणजे आपल्यातलेच की." पुढे बाईंना काही विचारावेच लागले नाही. लेकाला व्यसन नाही, मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, स्वभावाने गरीब, हे सगळे तिने आपणहून सांगितले.

"मी फक्त एवढंच म्हणलं, केस छान हायत पोराचे, फोटोत बघितले. तर ती माऊली म्हणती, जन्मापासून तसेच हायत. त्याच्या आज्याला सत्तरीत बी टक्कल न्हवतं. आमच्या खानदानातच न्हाई ते. अन् भिंतीवरचे फोटो काढून दाखवले. शाळेतला, कॉलेजातला, मागच्या वर्षी बहिणीच्या लग्नातला. सगळ्यात तेच दाट केस."

ज्याने फोनवर सांगितले होते की माझे टक्कल याच डॉक्टरांनी घालवले, त्याला टक्कल कधी नव्हतेच.

शंका पक्की होती. पण केवळ शंकेवर दवाखान्यात शिरता येत नाही. बोगस डॉक्टरविरुद्ध फिर्याद महापालिकेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी द्यायची असते, आणि त्यांना हातात काहीतरी ठोस लागते. मी स्टेशन डायरीला नोंद केली, वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करून ठेवला आणि देगलूरच्या त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले. ज्या दुकानात तो काम करायचा, ते त्याच दवाखान्याच्या खाली, नांदेडलाच होते.

तो आला तेव्हा अजिबात घाबरलेला नव्हता. केसांना भरपूर जेल लावलेले. बाई बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून होत्या; त्यांनी शाळेत रजा टाकली होती.

"ट्रान्सप्लांट कधी केलंस?"

"दोन-अडीच वर्षं झाली असतील मॅडम."

"तुझी आई म्हणते, तुला टक्कल कधीच नव्हतं."

तो हसला. "मॅडम, घरचे माझ्यासाठी पोरगी बघून राहिले. कोणती आई सांगेल, माझ्या लेकाचे केस लावलेले हायत म्हणून?"

उत्तर चोख होते, हे मी मनातल्या मनात मान्य केले. आयांनी लपवलेल्या गोष्टींमुळेच अर्धी लग्ने जुळतात. रीतीभातीत बसणारे खोटे मोडायला सगळ्यात अवघड असते, कारण ऐकणाऱ्याला ते आधीपासूनच पटलेले असते.

अशा वेळी आवाज चढवून उपयोग नसतो. मी त्याच्यासाठी चहा मागवला. सकाळीच शासकीय रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टरांशी माझे बोलणे झाले होते आणि ही शस्त्रक्रिया कशी होते, ते मी समजून घेतले होते. एक नियम मी सेवेत नेहमी पाळला. घडले का, असे विचारू नये. कसे घडले, ते सांगायला लावावे.

"बरं, त्या दिवशीचं सांग. अगदी सकाळपासून."

"सकाळी गेलो. कपडे बदलले. आत नेलं, खुर्चीवर उताणं झोपवलं."

"आधी उताणं?"

"हाव. मग समोरून एकेक केस लावत गेले. मी मोबाइलवर गाणी ऐकत होतो. तास-दीड तासात मोकळा."

"आणि ते केस आणले कुठून?"

तो थोडा गोंधळला. इतका सोपा प्रश्न मी का विचारते आहे, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

"डॉक्टरकडं असतात की मॅडम. पाकिटात येतात. बाहेरून."

जबाब लिहिणाऱ्या हवालदारांचा हात थांबला. त्यांनी आपल्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "मग मला बी दोन पाकिटं आण की रे. जरा कुरळे बघ."

कोणी हसले नाही. मी त्या मुलाला सांगितले, "बाळा, केस बाहेरून येत नाहीत. माणसाच्या स्वतःच्या डोक्याच्या मागच्या बाजूने एकेक मूळ काढतात आणि पुढे लावतात. त्यासाठी आधी पालथं झोपवतात. जवळजवळ दिवस जातो. मागे बारीक खुणा राहतात. शासकीय रुग्णालयातले डॉक्टर तुझं डोकं दोन मिनिटांत बघतील. दाखवायचं?"

त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले, जणू कोणी केस ओढणारच आहे. मग खाली बघून म्हणाला, "मॅडम, मी तर लोकांचं भलंच करून राहिलो असं मला वाटत होतं. सर म्हणले, फोनवर एवढंच बोलायचं."

त्यानंतर सगळे सरळ बाहेर आले. जाहिरातीतला टकलेला फोटो दुसऱ्याच कोणाचा होता. बोर्डावर ज्या डॉक्टरांचे नाव होते, ते तिथे कोणाला कधी दिसले नव्हते. ज्यांना सगळे 'सर' म्हणत, ते पूर्वी दुसऱ्या शहरात अशाच दवाखान्यात हत्यारे धुऊन हातात द्यायचे काम करत. पाहून पाहून शिकले आणि इथे येऊन सुरी धरली.

जबाब त्याला वाचून दाखवत होतो, तेवढ्यात बाई दार न वाजवता आत आल्या.

"मॅडम, पोरगं आजच गेलं. त्याच्या खोलीतल्या पोराचा फोन आला. दवाखान्यातून बोलावलं म्हणे, दुसरा पेशंट आला न्हाई, तुमचं आजच करून टाकू. त्याचा मोबाइल बंद हाय."

वैद्यकीय अधिकाऱ्यांना वाटेतूनच घेतले. दोन पंच घेतले. बाईंना ठाण्यातच थांबा असे मी म्हटले नाही, आणि म्हटले असते तरी त्या थांबल्या नसत्या. जीपमध्ये हवालदारांनी त्यांच्यापुढे पाण्याची बाटली केली, तर त्या ती नुसती हातात धरून बसल्या.

दवाखाना मोबाइलच्या दुकानांच्या वर होता. काचेचे दार, गारेगार हवा, भिंतीवर दाट केसांचे हसरे चेहरे. स्वागताला बसलेली मुलगी म्हणाली, "सर ऑपरेशनमध्ये हायत, आत जाता येत न्हाई." महिला शिपायाने तिला बाजूला बसवले आणि आम्ही आतले दार उघडले.

मुलगा पालथा झोपला होता. डोक्याची मागची बाजू भादरलेली, पुढे शाईने आखलेली केसांची नवी रेघ. 'सर' हिरवा झगा घालून उभे होते आणि त्यांच्या हातात औषध भरलेली सिरिंज होती.

"हात खाली," मी म्हणाले. त्यांनी घेतला.

मुलगा धडपडत उठून बसला. आम्हाला बघितले, मग दारात उभी असलेली आत्या बघितली. तो म्हणाला, "आत्या, तू पोलीस आणलेस? लग्न तोंडावर आलंय. लोकांत तोंड दाखवायचं राहिलं न्हाई माझं."

बाईंनी त्याला एकच विचारले. "ते दाढ काढतानाचं यांनी तुला विचारलं का?"

तो शाई लागलेल्या कपाळावर हात फिरवू लागला.

"विचारलं का न्हाई?"

"न्हाई."

झगा घातलेला माणूस आमच्याकडे बघत म्हणाला, "कसली दाढ?"

मुलाने त्याच्याकडे मान वळवली. पुढे काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्या खोलीतली कपाटे बघितली. श्वास अडकला तर द्यायचे इंजेक्शन तिथे नव्हते, ऑक्सिजनची सोय नव्हती. त्यांनी 'सरां'ना विचारले, "समजा पेशंटला रिॲक्शन आली, तर तुम्ही काय देणार?"

थोडा विचार करून ते म्हणाले, "बर्फ लावतो आम्ही."

हे वाक्य मी पंचनाम्यात जसेच्या तसे लिहायला लावले. मुद्देमाल जप्त झाला, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फिर्याद दिली, गुन्हा नोंद झाला. पुढे कोर्टात हे प्रकरण टिकले, त्याचे एक कारण म्हणजे त्या मुलाने स्वतः येऊन दिलेला जबाब. मागून भादरलेले आणि पुढे शाई लागलेले डोके घेऊन तो दुसऱ्या दिवशी भर गर्दीत ठाण्यात आला. हवालदारांनी आपली टोपी पुढे केली. "ठेवा काका," तो म्हणाला, "आता काय झाकायचं?"

काही दिवसांनी बाई त्याला लातूरच्या त्याच कमी बोलणाऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तपासणीत निघाले की बधिर करायच्या त्याच औषधाची त्याला जोरदार ॲलर्जी आहे. डॉक्टर म्हणाले, ही शस्त्रक्रिया मी तुझी करणार नाही. एवढेच बोलले आणि पुढच्या पेशंटला बोलावले. दारातून ज्यांनी परत पाठवले त्या डॉक्टरांची शिफारस बाई आजही करतात.

लग्न ठरल्या दिवशीच झाले. अर्धवट केस ठेवण्यापेक्षा त्याने डोके सगळेच भादरून घेतले होते. बुद्धविहारात पांढऱ्या कपड्यात तो नवशिक्या भिक्खूसारखा उभा राहिला, तेव्हा मागून कोणीतरी म्हणाले, "नवरदेव हाय का श्रामणेर? लग्न लावायचं का दीक्षा द्यायची, ते भंतेजींना नीट सांगा." सगळे हसले आणि तोही हसला. मी नवरीच्या आईशेजारी बसले होते. तिला हळूच विचारले, "तुम्हाला हे केसांचं कळल्यावर काही वाटलं नाही?"

"आम्ही नोकरी विचारली, दारू विचारली, राग किती येतो ते विचारलं," ती म्हणाली. "केसाचं कुणी विचारलंच न्हाई बघा. सुचलंच न्हाई."

पण त्या शिक्षिकेला मी मनापासून मानले ते एका वेगळ्याच गोष्टीसाठी. गुन्हा नोंद झाला त्याच आठवड्यात त्या पुन्हा ठाण्यात आल्या.

"मॅडम, देगलूरला तुमची माणसं जाणार असतील तर त्याच्या आधी मला जाऊ द्या. ती माऊली अजून स्थळाची वाट बघत बसली असंल. मी काही खोटं बोलले न्हाई, पण तिचा समज मोडला बी न्हाई. ते मीच जाऊन सांगायला पायजे."

तपासाच्या दृष्टीने त्यात अडचण नव्हती. त्या तरुणाचा जबाब झाला होता आणि तो साक्षीदार व्हायला तयार होता. मी परवानगी दिली, आणि एका वेगळ्या कामासाठी मलाही देगलूरला जायचे होते, म्हणून सोबत गेले. गणवेश नव्हता.

त्या आईने दारातच ओळखले. "या की," म्हणाली. मग बाईंचा चेहरा बघून थांबली. बाईंनी उभ्याउभ्या सगळे सांगितले. आपण स्थळ घेऊन आलो नव्हतो हे आधी सांगितले, लेकाने काय केले ते नंतर. काही कमी करून सांगितले नाही, काही वाढवूनही नाही.

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी तुम्हाला चहा पाजला अन् माझ्याच लेकाला अडकवलं."

"हाव," बाई म्हणाल्या.

"पण मी सांगितलं ते खरंच होतं ना? माझ्या लेकाला टक्कल कधी न्हवतं. त्यात तर काय खोटं न्हाई."

"एक अक्षर न्हाई. तुम्ही खरं बोललात म्हणून माझं पोरगं आज चालतं-बोलतं हाय."

ती आई खाली बसली. तिने पदराने डोळे पुसले आणि बाईंना म्हणाली, "बसा. उभं राहून काय होतं." चहा तिने त्या दिवशी केला नाही. आम्हीही मागितला नाही. पण उठून निघालो तेव्हा ती बसथांब्यापर्यंत चालत आमच्याबरोबर आली आणि वाटेत बाईंना विचारत राहिली की लेकाने कोर्टात खरे सांगितले तर त्याला मोबाइलच्या दुकानातले काम परत मिळेल का. बाई म्हणाल्या, दुकान तेच मिळेल की नाही सांगता येत नाही, पण खरे बोललेल्या पोरासाठी शब्द टाकायला मी येईन. आणि त्यांनी ते पाळले. कंधारच्या एका दुकानदाराकडे त्यांनी स्वतः जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकला, आणि त्या दुकानदाराला हेही सांगून टाकले की हा मुलगा एकदा खोटे बोललेला आहे.

पोलिसाच्या नोकरीत साक्षीदार आपल्यासमोर आणून उभे केले जातात. फिर्यादी आपले आणतो, आरोपी आपले आणतो, आणि आपण त्यांतून खरे काय ते निवडत बसतो. ज्याला कोणीच पाठवलेले नाही अशा माणसाच्या दारात जाऊन बसायला हवे, हे त्या शिक्षिकेने मला दाखवले. त्यानंतर जेवढी वर्षे गणवेशात होते, तेवढी वर्षे मी हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला हीच गोष्ट सांगितली. त्यांना बहुतेक वेळा तिचा पहिला भागच आठवायचा, केसांच्या पाकिटांचा. दुसरा भाग मी मुद्दाम पुन्हा सांगायची: ज्या दारात जाऊन खरे मिळवले, त्या दारात परत जाऊन खरे सांगायचेही असते.